हकाइमाची शेवटची गाठ

हकाइमाच्या हातची निळ्या मक्याची भाकरी ज्याने खाल्ली नाही असा माणूस आमच्या डोंगरात शोधून सापडायचा नाही, आणि तिच्या जिभेचा फटका ज्याने खाल्ला नाही असाही. दारात आलेल्याला ती आधी फैलावर घ्यायची, मग जेवू घालायची. "इतके दिवस कुठं उलथला होतास? बस, खा." हेच तिचं स्वागत. साठी उलटली तरी दगडधोंड्यांतून ती शेळीसारखी चढे आणि वर पोचून मागे राहिलेल्या तरण्याताठ्यांची टिंगल करत उभी राही.

मणीकाम मात्र तिला जमलं नाही. बाकीच्या बायका भोपळ्याच्या वाटीला आतून मेण लावून त्यात मण्यांची अशी हरणं बसवत की आता उडी मारतील. हकाइमाचं हरीण कधी कुत्र्यासारखं दिसे, कधी नुसत्याच बाकासारखं. "मला जे दिसत नाही ते मी काढू कसं?" असं ती म्हणे आणि सगळे हसत. त्या बोलण्यात किती खरं होतं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मक्याची कापणी झाली की आमची माणसं उगवतीकडच्या माळावर, विरिकुटाला, हिकुरीच्या शिकारीला निघतात. हिकुरी म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारं बिनकाट्याचं बुटकं निवडुंग. आमच्या लेखी ते हरीणच, म्हणून पहिलं दिसलं की त्याला बाण मारून मगच उपटायचं. चवीला असं कडू की पूर्वज आठवावेत. पण ते पोटात गेलं की आत उजेड पडतो, देव नाव घेऊन हाक मारतात. सगळ्यांना हाक येते. हकाइमाला आली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती जात होती, वाट्याचं खात होती, सगळ्यांसारखी ओकत होती आणि मग काही नाही. बाकीचे रंगांच्या नदीत डुंबत असायचे आणि ही कोरडी ठणठणीत काठावर.

मग तिने आगीचं काम अंगावर घेतलं. आग म्हणजे आमचे आजोबा; त्या रात्री त्यांना विझू द्यायचं नसतं. हकाइमा लाकूड सारायची, कुणाचं घोंगडं सरकलं तर नीट करायची, कुणी भ्रमात उठून काट्यांत निघाला तर दंडाला धरून परत आणायची. आमच्यातल्या कितीजणांना तिने असं आणलं असेल! सकाळी आम्ही देवांचे आभार मानायचो. तिचेही मानावेत असं कुणाला सुचलं नाही, हे आता आठवलं की लाज वाटते. मधल्या वेळात ती नुसती आगीकडे बघत बसे. सुरुवातीला डोक्यात घरची शेळी, कणगीतला मका, सासूचं बोलणं, सगळं फिरायचं. मग ते एकेक करून गळून पडे, फक्त आग उरे, आणि आणखी थोड्या वेळाने बघणारीही फारशी उरत नसे. तिला वाटे, आपल्याला पेंग येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने त्याने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं असतं. हकाइमा वेळ मारून न्यायची. पण तिचा मुलगा युकाये पोटात होता त्या वर्षी सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या पोटातल्याला तरी काही दिसणार आहे, की तोही आईसारखा कोरडा दगड?"

हकाइमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निळं हरीण आलं होतं," ती म्हणाली. "माझ्या पोटाला नाक लावून गेलं."

सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सुनेला मिठी मारली, ती पहिल्यांदाच. धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. पोरगा जन्मला तो हरणाचा म्हणूनच. तो मराकामे होणार हे तिथंच ठरलं; म्हणजे आमचा गाणारा, आजार काढणारा, माळावर वाट दाखवणारा. त्याच्या वयाची पोरं किनाऱ्याकडे तंबाखूच्या मळ्यांत मजुरीला जात, नव्या चपला आणि रेडिओ घेऊन येत. युकाये म्हाताऱ्या मात्सिवापाशी बसून गाणी शिकत राहिला. मात्सिवा आमचा मराकामे. दात पडलेले, पण आवाज खणखणीत. युकायेच्या शिकण्यातली विरिकुटाची ही शेवटची खेप होती. परत आला की तो मात्सिवाच्या शेजारी मराकामे म्हणून बसणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारीण आपलं तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन हकाइमाच्या दारात आली. "युकाये परत आला की आधी याला त्याच्या पुढ्यात ठेवीन," ती म्हणाली. "हरणाने निवडलेला आहे तो. त्याच्यावरच माझी सारी भिस्त आहे."

त्या दिवशी हकाइमाने आलेल्या कुणालाच फैलावर घेतलं नाही. नवऱ्याने, शाउरेमेने, विचारलंही, "बरं नाही का तुला?"

भाड्याच्या ट्रकने आम्हाला माळाच्या तोंडाशी उतरवलं तेव्हा ऊन कलत होतं. आग पेटली. आता गाठी बांधायच्या होत्या. ही आमची जुनी रीत. विरिकुटात पाय ठेवण्याआधी प्रत्येकाने, बाई असो की बुवा, आजवर ज्याच्या ज्याच्या अंगाला अंग लावलं त्याचं नाव आगीसमोर मोठ्याने घ्यायचं. नावागणिक मराकामे दोरीला एक गाठ मारतो आणि ती दोरी आगीत जाते. ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, मग तो नवरा का असेना. कुणी एकाने जरी लपवलं तरी हिकुरी कुणालाच दिसत नाही. दरवर्षी तीच नावं आणि दरवर्षी तेच हसणं.

शाउरेमे उठला, डोकं खाजवत म्हणाला, "थांबा, आठवू दे."

"याला दोरी पुरायची नाही," हकाइमा ओरडली. "बैलाचं दावं आणा!"

शाउरेमेने नावं घेतली. एका नावापाशी एक म्हातारी फिसकन हसली. "ती? ती तर तुला दारात उभं करत नव्हती!"

"एकदा केलं होतं," शाउरेमे मानाने म्हणाला. सगळे पोट धरधरून हसले.

मग हकाइमा उभी राहिली. तिने आपली दोन नावं घेतली, मात्सिवाने दोन गाठी मारल्या आणि दोरी आगीकडे नेली.

"थांबा. अजून एक आहे."

शाउरेमे ताठ बसला. "कोण गं?"

"माणूस नाही. खोटं आहे. मला ते हरीण दिसलं नव्हतं. मला कधीच काही दिसलेलं नाही. सासूबाई बोलल्या, मला राग आला आणि मी ठोकून दिलं."

हसणं जागच्या जागी विरलं. शाउरेमे हळूच म्हणाला, "आई मरताना त्या हरणाचंच नाव घेत होती गं."

युकाये उठून आईसमोर उभा राहिला.

"इथं रागवायचं नाही, पोरा," मात्सिवा म्हणाला.

"रागावलो नाही, आजोबा. एवढंच विचारतोय. आई, आधी का नाही बोललीस?"

"आधी तू पोटात होतास. मग मोठा होत गेलास, आणि तुझ्याबरोबर खोटंही मोठं होत गेलं. मला ते उचलेना. पण उद्या लोक आजारी लेकरं तुझ्यापुढे ठेवतील. त्याच्या आत उचलायलाच हवं होतं."

मात्सिवाने तिसरी गाठ मारली, घट्ट ओढली आणि दोरी आगीत टाकली. "झालं. आता हे कुणी उकरून काढायचं नाही. युकायेला निवडलंय की नाही ते हरणालाच विचारू. उद्या याला काय दिसतं त्यावर ठरेल."

दुसऱ्या दिवशी हिकुरी सापडलं. बाण मारले, क्षमा मागितली, कापून फोडी वाटल्या. हकाइमाने आपली फोड चावून चावून खाल्ली, ओकली आणि वाट बघत बसली. आता तर पोटात काही लपवलेलं नव्हतं. तरी काही नाही. तिने सुस्कारा सोडला, डोळे पुसले आणि लाकूड पुढे सारलं.

बऱ्याच वेळाने युकाये उठला. तोंडाने पुटपुटत तो अंधाराकडे चालायला लागला. तिकडे ओढ्याची खोल घळ होती. हकाइमा धावली, त्याचा दंड धरला. तो लटलट कापत होता.

"मी कुठाय?"

"इथं, आगीपाशी. माझ्यापाशी. बस."

तिने त्याच्या अंगावर आपलं घोंगडं टाकलं आणि पुन्हा आगीकडे तोंड करून बसली. उजाडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

सकाळी मात्सिवाने विचारलं, "बोल, युकाये." सगळे कान टवकारून बसले. निळं हरीण आलं होतं, एवढं म्हणायचा अवकाश होता. पडताळून बघणार कोण?

"हरीण आलं नाही," युकाये म्हणाला.

शाउरेमेने कपाळावर हात मारला.

"आधी सगळं विरघळलं. डोंगर गेले, तुम्ही गेलात, माझे हात गेले. मी कुठं संपतो ते मला कळेना. फार भ्यालो. मग एक आग दिसली आणि तिच्यापाशी एक बाई. ती काही मागत नव्हती, कशाची वाट बघत नव्हती. नुसती लाकूड सारत होती. आग कुठली आणि ती कुठली, मला वेगळं करता येईना. माझी भीती गेली. रात्रभर मी तेवढंच पाहिलं, आणखी काही हवंसं वाटलं नाही."

मात्सिवा हकाइमाकडे वळला. "पोरी, इतकी वर्षं इथं बसून तू काय बघतेस?"

"आग."

"आणि?"

"आणि काय? थोड्या वेळाने काहीच नसतं. मीसुद्धा नसते."

"आणि हे तू कुणाला बोलली नाहीस!"

"त्यात बोलायचं काय? मला वाटलं, पेंग येते."

मात्सिवा हसायला लागला, खोकला लागेपर्यंत हसला. "आम्ही कडू खातो, ओकतो, रडतो, तेव्हा कुठं देवांच्या दारापाशी पोचतो. आणि ही बया तिथं चूल मांडून बसलीय आणि म्हणते, मला काही दिसत नाही!" मग डोळे पुसून त्याने युकायेच्या खांद्यावर आपली पिसांची काठी टेकवली. "खोटं हरीण तुझ्या जिभेवर आयतं ठेवलेलं होतं. तू ते घेतलं नाहीस. मला एवढं पुरे. परत गेल्यावर माझ्या शेजारी बस."

युकाये आईच्या पायाशी बसला, तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. शाउरेमे नाक शिंकरत "धूर फार झालाय" म्हणाला. धूर कुठंच नव्हता.

निघायची वेळ झाली. सगळे ट्रककडे गेले, हकाइमा मागे राहिली. निखाऱ्यांपुढे ती गुडघे टेकून बसली आणि शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलू लागली.

"आजोबा, मला कधी काही दाखवलं नाहीत म्हणून मी तुमच्यावर किती रुसले. बरं केलंत. काल मलाही दिसलं असतं, तर मी डोळे मिटून बसले असते आणि माझं पोर त्या घळीत गेलं असतं."