नखाची खूण

मुलांनो, लातूरला गंजगोलाईजवळ शिक्के करणारे एक चाचा बसत. दिसेल त्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून बघायची त्यांना खोडच होती. शिक्क्याच्या कच्च्या रबरात गंधक मिसळलेलं असतं. तापवलं की त्या गंधकानं रबराचे सुटे, लांब धागे जागोजाग एकमेकांना बांधले जातात. मग नखाची खूण टिकत नाही, रबर उसळून पूर्ववत होतं.

मी शिकवत होते ती गावची शाळा भूकंपात पडली, शाळेचा शिक्काही ढिगाऱ्यात गेला. दहावीच्या एका मुलीला लातूरच्या शाळेत प्रवेश हवा होता आणि तो शेवटचा दिवस होता. सही केलेला दाखला घेऊन आम्ही दोघी नव्या शिक्क्यासाठी चाचांपुढे उभ्या राहिलो.

"चाचा, द्या की आता! पाचला प्रवेशाची खिडकी बंद होते."

साच्याबाहेर आलेल्या रबराला त्यांनी नख लावलं. खूण राहिली.

"कच्चं हाय, बाई. अक्षरं पसरली तर दाखला परत येईल. पोरीनं मग काय करायचं?"

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या नव्या चपलेकडे गेलं. तिलाही नख लावून म्हणाले, "फसलात, बाई. हीबी कच्चीच."

मी चिडले. चाचांनी रबर पुन्हा साच्यात घालून तापवलं, आणि या वेळी नखाची खूण डोळ्यांदेखत भरून आली! "झालं!" चाचा ओरडले. दाखल्यावर आमच्या पडलेल्या गावाचं नाव लख्ख उमटलं.

दाखला हवेत धरून मुलगी धावत सुटली, मागोमाग मी. वाटेत चप्पल तुटली. अनवाणी पोचले, तेव्हा खिडकी उघडी होती.