सासूबाईंच्या वलांडीवरचे बटाटे

पार्टीच्या ऑर्डरीचं एक बरं असतं. स्टिक्स मोजून पाठवाव्या लागतात, किस्से मात्र न मोजता परत येतात! बोईसरला एक चक्कर मारली की घरी येऊन आठवडाभर हसायला पुरेल इतका माल जमा.

आमचा धंदा सांगते. छोटे बटाटे अर्धवट उकडायचे, स्टिकला ओवायचे, कडकडीत तेलात तळायचे आणि वरून चीज, मेयो, मक्याचे दाणे, कांदा, चटणी असं जे मागाल ते लादायचं. लोडेड पोटॅटो! मी आणि माझी धाकटी जाऊ रेखा, दोघी मिळून करतो. वाढदिवस, किटी पार्टी, कंपनीचं गेट-टुगेदर, पालघरपासून तारापूरपर्यंत कुठेही बोलवा. आमच्यासारख्या स्टिक्स या पट्ट्यात कोणी करत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

फक्त एका घरात आमच्या स्टिक्सना मज्जाव होता. आमच्याच! सातपाटीत जन्म काढलेल्या, मासळी विकून चार पोरं वाढवलेल्या आमच्या सासूबाई. आम्ही त्यांना आय म्हणतो. आयने आमची एकही स्टिक कधी तोंडाला लावली नव्हती. नणंदेचं, पिंकीचं लग्न घिवली गावातल्या घरात ठरलं आणि मी हळूच विषय काढला, "आय, साखरपुड्याला आपल्या स्टिक्स ठेवू या?"

आय म्हणाली, "सोयऱ्यांपुढं बटाटा ठेवू? लोकं बोलतील, यांच्या घरातलं मावरं संपलं!" मासळीपुढे तिला दुसरं काही दिसतच नाही.

अख्ख्या बोईसरने नावाजलं तरी काय, आपल्याच नणंदेच्या साखरपुड्यात आपला पदार्थ नाही! मला फार लागलं ते. रेखा तर त्या रात्री जेवलीच नाही.

*

सुरुवातीला आम्ही स्टिक्स घरूनच लोड करून न्यायचो. आमचा टेम्पोवाला मुन्ना. माणूस देवासारखा, पण गाडी चालवतो ती विमानासारखी. एमआयडीसीच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर दिसला की त्याला चेव येतो!

एकदा एका सोसायटीच्या गेटवर टेम्पो थांबला, मी मागचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. चीज ट्रेच्या तळाला, मक्याचे दाणे टेम्पोभर, आणि बटाटे उघडे!

मुन्ना शांतपणे डोकावून म्हणतो, "भाभी, आलू तो सही-सलामत पहुँच गया. बस कपड़े उतर गए!"

तेव्हापासून लोडिंग जागेवर. लोकांना वाटतं, लाइव्ह काउंटर ही आमची स्टाइल आहे. वाटू दे की!

*

एका कारखानदार शेठजींचा फोन आला. मुलीचा वाढदिवस, लोडेड पोटॅटो पाहिजेच, मुलीचा हट्ट आहे. मी म्हटलं, "होऊन जाईल, शेठजी. काही खास सूचना?"

"बस एक ही. हम जैन हैं. उसमें पोटॅटो मत डालना!"

रेखा शेजारी उभी राहून ऐकत होती. ती तोंडात पदर कोंबून मोरीत पळाली.

पण ऑर्डर सोडायची? छे! चिंचणीच्या एका वाडीतून कच्ची केळी आणली, उकडली, गोल तुकडे करून ओवली. कांदा नाही, लसूण नाही, चीज मात्र हात सैल सोडून. पोरांनी फडशा पाडला. निघताना शेठजींची आई मला बाजूला घेऊन दटावून विचारते, "सच बता बेटी, आलू ही है ना?"

मी नाही म्हटलं. तर म्हातारी हिरमुसली हो!

*

तारापूरच्या कॉलनीतल्या वाढदिवसाची गोष्ट. काउंटरवर एक बाई आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात भली मोठी काळी पर्स. एक स्टिक खाल्ली. मग दुसरी. मग "नातवाला पाहिजे" म्हणून एक, "सुनेला पाहिजे" म्हणून एक. नातू आणि सून कुठे दिसेनात!

रेखा माझ्या कानाशी लागली, "वहिनी, बघा, रिकाम्या काड्या पर्समध्ये टाकतायत."

खरंच की! किती खाल्ल्या ते कोणाला कळू नये म्हणून बाई पुरावाच ठेवत नव्हत्या. जाताना मात्र मनापासून म्हणाल्या, "पोरी, हाताला चव हाय गो तुज्या."

नाव विचारायचं राहून गेलं.

*

आता आमच्या धंद्यातलं मोठं दुखणं. उकडलेला बटाटा ओला असतो, आणि ओला बटाटा तेलात गेला की मऊ पडतो. आम्ही दोघी पंख्याखाली बसून एकेक बटाटा टॉवेलने पुसायचो. आय दारातून बघायची आणि मान हलवायची.

एका दुपारी आम्ही चीज आणायला बाजारात गेलो. परत येतो तर ओवलेल्या सगळ्या स्टिक्स गायब! घरभर शोधलं. शेवटी मागच्या दारी गेलो. किनाऱ्यावर आमची वलांडी आहे, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या, बोंबील सुकवायच्या. त्या दोऱ्यांवर एक बोंबील, एक स्टिक, एक बोंबील, एक स्टिक. सगळे एका रांगेत ऊन खात होते!

"आय! हे काय केलंत? शाकाहारी पार्टी आहे! वास मारतोय सगळ्याला!"

"मंग? बटाट्याला सोताचा वास हाय कुठं?"

त्या दिवशी नवे बटाटे उकडले, धावतपळत ऑर्डर गाठली. बोंबलाच्या वासाच्या स्टिक्स तळून गल्लीत वाटल्या, तर गल्ली पुन्हा मागायला आली! आणि एक गोष्ट पक्की कळली. उन्हात सुकलेला बटाटा असा कुरकुरीत होतो की विचारू नका. आम्ही गच्चीवर स्वतःची वेगळी दोरी बांधली. आयने तेव्हाही चव घेतली नाही.

*

आणि मग साखरपुडा.

अंगणात मांडव. ताटात सरंगा, कोलंबी, तांदळाची भाकरी. आयचा थाट बघण्यासारखा. मी आणि रेखा नव्या साड्या नेसून वाढत होतो, पण मनातून रुसलेल्याच. घिवलीची मंडळी आली. बोलणी पुरुषमंडळींनीच केली होती, त्यामुळे नवऱ्यामुलाची आई आमच्याकडे पहिल्यांदाच येत होती. ती पुढे झाली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात काळी पर्स!

तिने मला बघितलं आणि भर मांडवात ओरडली, "अगो, तूच ती बटाटेवाली ना?"

आयकडे बघायची माझी छातीच होईना.

"मी सकाळधरून भूक राखून आलंय," विहीणबाई म्हणाल्या. "ऐकलं व्हतं, सोयरीक बटाटेवालीच्या घरात झालीय. म्हटलं, तर त्या काड्या असतीलच. नाय केल्या?"

मी तोंड उघडणार इतक्यात आय उठली. तडक मागच्या दारी गेली. परत आली ती मासळीची टोपली कमरेवर घेऊन. टोपलीवर जुनं जाळं झाकलेलं. तिने जाळं बाजूला केलं. आत स्टिक्स! आम्हाला पत्ता लागू न देता पहाटेच ओवून, कावळ्यांपासून राखून, बोंबलांपासून लांब, उन्हात खडखडीत सुकवलेल्या.

"बघत काय ऱ्हायलाव?" आय आमच्यावर खेकसली. "कढई ठेवा!"

घरात चीज नव्हतं, मेयो नव्हतं. आयनेच हिरवी चटणी आणि भाजलेला जवळा वरून भुरभुरला. टोपली बघता बघता रिकामी. विहीणबाईंनी बोटं चाटत विचारलं, "सुनांनी शिकवलं वाटतं तुमाला?"

आयने शेवटची स्टिक उचलली, आयुष्यातला पहिला स्टिकवरचा बटाटा दातांनी ओढून घेतला, सावकाश चावला आणि म्हणाली,

"शिकवतायत कोन! आमच्या घरात पयल्यापासून अशाच करतात!"