हसण्याआधी कापलेला शॉट

लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणारा मी, उभ्या आयुष्यात एकच पिक्चर काढला. काळापांढरा, पाऊण तासाचा. परळीजवळ वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याकाठी, जिथं उडत्या राखेनं भर उन्हातही माणूस कमरेखाली पुसट दिसतो. गोष्ट अशी, की नायकानं ज्याला मारलं तोच त्याला गर्दीत दिसत राहतो आणि सगळे म्हणतात, तुला भास होतोय. अशा पिक्चरमध्ये सावल्यांची भीती वाटत नाही. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडतो, त्याची वाटते. एवढं मला कळत होतं.

मेलेल्याचा चेहरा काही मनासारखा मिळेना. शेवटी लग्नाच्या जुन्या फुटेजमध्ये माझा मित्र सापडला. हळद लागलेला, मान वळवून थेट कॅमेऱ्यात बघणारा. आदल्या वर्षी तो कर्नाटकात ऊसतोडीला गेलता. टोळी परतली, तो आला नाही. मी शॉटचा रंग काढला, आवाज काढला, अर्धा चेहरा काळा केला. त्याच्या बायकोला विचारलं नाही.

आमच्या धर्मापुरीत दुपारीच, खिडक्यांना ताडपत्र्या लावून पिक्चर दाखवला. संपल्यावर त्याची बायको दारात थांबलेली.

"भाऊजी, हे त्येच होते नं?"

"न्हाई वहिनी. परळीचा हाय एक माणूस. तुमाला भास झाला."

पिक्चरमधलंच वाक्य. सहज निघालं तोंडातून.

तेव्हापासून ती दर सोमवारी परळीच्या स्टेशनवर जाऊन बसायची, उतरणाऱ्यांचे चेहरे बघत. सासू येईल त्याला सांगायची, "लई डोस्कं फिरलंय हिचं. माहेरी धाडते आता." दोन वर्षं मी हे ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात ते धाडणं ठरलं, तेव्हा लॅपटॉप घेऊन गेलो. मूळ शॉट लावला, रंगीत, आवाजासकट. मागं बँजो, आणि त्यावर माझा आवाज, "इकडं बघ बे." तो वळला आणि हसला. पिक्चरमध्ये तो हसण्याआधीच मी शॉट कापला होता.

"तवा खोटं बोललो, वहिनी."

ती म्हणाली, "म्हंजे परळीत कुणीच न्हाई."

"न्हाई."

तिनं आतून सासूला बोलावून शेजारी बसवलं. "परत लावा, भाऊजी. आवाज वाढवा."

मी वाढवला. सासू पोराकडं बघत होती. वहिनी माझ्याकडं.