हलिमाबीचं पेव

सोलापुरातून बैलगाडी निघाली तेव्हा मी पिठाच्या पोत्यावर बसले होते आणि हलिमाबी आपल्या गाठोड्यावर. निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं. त्या धामधुमीत नवरा गमावून ही बाई आमच्या मदत समितीच्या छावणीत आली होती. तिला गावी पोहोचवायचं म्हटल्यावर समितीतले पुरुष कच खाऊ लागले, म्हणून मीच पुढे झाले. मला कसली भीती? मी बोलायला लागले की भलेभले वाट सोडतात.

तामलवाडीजवळचा करोडगिरी नाका (निजामाची जकातीची चौकी) ओस पडला होता. एरवी इथं गाठोडीसुद्धा सोडवून बघत. आज आडव्या बांबूवर कुणीतरी धोतर वाळत घातलं होतं. मला हसू आलं. हलिमाबीचं मात्र दोन्हीकडच्या कोवळ्या ज्वारीवर लक्ष होतं.

"बाई, घराचं छप्पर गेलंय म्हनत्यात. जाऊ द्या," ती म्हणाली. "दारातलं पेव शाबूत असंल तर म्या ऱ्हाईन. न्हायतर तुमच्याच गाडीतनं माघारी येईन."

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. गेल्या सुगीत तिच्या नवऱ्याने तो भरून, तोंड लिंपून ठेवला होता. तिची वर्षभराची भाकरी त्यात होती.

गाव आलं. घराच्या भिंती उभ्या होत्या, वर उघडं आभाळ. आणि दारात, नेमका पेवाच्या जागी, माणसाच्या उंचीचा उकिरडा! शेजारच्या गुरुलिंगप्पांच्या गोठ्यातलं शेण तिथं टाकलेलं सरळ दिसत होतं. हलिमाबी खाली उतरलीच नाही. गाडी वळवा, एवढंच म्हणाली.

माझं डोकं फिरलं. कपाळाला भस्म लावलेले, साठीचे गुरुलिंगप्पा दारात उभे होते. मी त्यांना असं फैलावर घेतलं की गाडीवानानेही मान खाली घातली. लुटल्या गेलेल्या बाईच्या दारात घाण टाकता, लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं. मग फावडं आणून उकिरडा उपसायला लागले.

"भाभी, लुटारूंनी तुमची चूलबी उकरली," ते हलिमाबीकडे बघून म्हणाले. "उकिरड्यात कोन हात घालतंय?"

मी पदर खोचला. हलिमाबी गाडीतून उतरली आणि दोन्ही हातांनी शेण ओढू लागली. ती रडत होती आणि मीही.

खाली पेवाचं लिंपलेलं तोंड जसंच्या तसं होतं. लिंपण फोडल्यावर मी लगेच आत वाकणार, तर गुरुलिंगप्पांनी मागे खेचलं. बंद पेवातली हवा जीव घेते. त्यांनी दोरीने कंदील सोडला, तो विझला. गुळाचा चहा पिऊन झाल्यावर पुन्हा सोडला; आता तो जळत राहिला. मग ते उतरले.

वर आलेली ज्वारी पिवळी पडली होती आणि तिला आंबूस वास होता. गुरुलिंगप्पांच्या घरी तिच्याच भाकरी झाल्या. मला तो वास अजिबात सोसत नाही, तरी दोन खाल्ल्या.

निघताना हलिमाबीने तिच्यासाठी आणलेलं पिठाचं पोतं उतरू दिलं नाही. उलट शेजारी ज्वारीचं एक पोतं चढवलं. छावणीत अजून बाया आहेत म्हणाली.

परतीच्या वाटेवर तो वास नाकात बसला. गाडीवान म्हणाला, पोतं मागं सरकवू का? मी म्हटलं, राहू दे. हलिमाबीला गावी नेलं ते मीच, हे मी अजूनही ताठ मानेने सांगते. गावात ठेवून घेतलं ते त्या उकिरड्याने.