रिकामा वॉकर परत देऊ नये

माझा घोटा मोडला तेव्हा मी वर्गात भूगोल शिकवत नव्हतो, एवढंच काय ते समाधान. कारण दिशा, अंतर आणि उंची या तिन्ही विषयांत मी त्या सकाळी नापास झालो. घराच्या पायरीवर उभा राहून मी कुरियरवाल्याला फोनवर रस्ता सांगत होतो. "सरळ या, मारुतीचं देऊळ आलं की डावीकडे वळा," असं म्हणताना मी स्वतःच डावीकडे वळलो. डावीकडे पायरी नव्हती. (गेली बावीस वर्षं नाही. घर मीच बांधून घेतलंय!) कुरियरवाला मात्र अगदी बरोबर पत्त्यावर आला. त्यानेच मला उचलून रिक्षात घातलं, आणि तशा अवस्थेत पार्सलची सहीसुद्धा घेतली.

आमच्या पेणच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. घोट्यात एक प्लेट आणि सहा स्क्रू बसले, वर प्लास्टर चढलं. डॉक्टर बरंच काही बोलले, पण माझ्या डोक्यात एकच वाक्य रुतून बसलं.

"गुरुजी, सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवलात तर प्लेट सरकेल आणि मला पाय पुन्हा उघडावा लागेल."

पुन्हा उघडावा लागेल! जसा काही डबाच! मी इंजेक्शनची सुई बघून डोळे मिटणारा माणूस. सहा आठवडेच काय, सहा वर्षं पाय टेकवू नका म्हणाले असते तरी मी मान डोलावली असती.

"मग एक वॉकर विकत आणू या," मी घरी आल्या आल्या म्हटलं.

माझं शेवटचं सामान आणायला सांगावं तसे सगळ्यांचे चेहरे झाले.

"इकत?" आई म्हणाली. "घरात इकतचा वॉकर आला का तो पुढचा मानूस बघतो. नाय, अजिबात नाय!"

"आणि सहा आठवड्यांसाठी कशाला हो?" सुनंदा, म्हणजे आमची सौ. म्हणाली. "कुणाकडे तरी असेलच की."

खरंच असतो. पेणपासून रोह्यापर्यंत वॉकर कुणी विकत घेतलेला माझ्या तरी ऐकिवात नाही. तो फिरत असतो. एकाचा गुडघा बरा झाला की दुसऱ्याच्या खुब्याकडे जातो. मुळात तो कुणी आणला हे विचारायचं नसतं, आणि विचारलं तरी कुणाला माहीत नसतं. नियम एकच. शेजाऱ्याचं भांडं जसं रिकामं परत देत नाहीत, तसा वॉकरही रिकामा परत द्यायचा नाही. त्याला काहीतरी बांधून द्यायचं. नारळ म्हणा, तांदूळ म्हणा, पेणकर असाल तर पापड.

तिसऱ्या दिवशी रोह्याहून, सुनंदाच्या माहेराहून वॉकर आला. सासूबाईंच्या शेजारणीचा, गोदाकाकूंचा. गोदाकाकू साडेचार फूट, आणि वॉकर त्यांच्या मापाला लावलेला. उंची वाढवायची बटणं होती, पण ती गंजून बसलेली. मी पावणेसहा फूट. चालताना मला फक्त फरशी दिसायची. दोन दिवसांत घरातल्या प्रत्येक फरशीचा तडा माझा तोंडपाठ झाला.

पाचव्या दिवशी आईने आपला डाव टाकला. आई खाडीकडची, वडखळच्या पलीकडच्या मिठागरांच्या गावातली. तिच्या मावसभावाने, तुकामामाने, दुसरा वॉकर धाडून दिला.

"आपला असताना सुनंच्या म्हायेरचा कशाला वापरायचा?" आई म्हणाली. (सुनंदा स्वयंपाकघरात असताना म्हणाली, पण तिला ऐकू जाईल एवढ्या बेताने.)

तुकामामा सहा फूट दोन इंच. त्याचा वॉकर धरला की माझे खांदे कानांना टेकायचे आणि मी चोवीस तास 'मला काय माहीत?' असं म्हणतोय असं वाटायचं. खरं तर तीच माझी मनःस्थिती होती. आई समोर असली की मी उंच वॉकर घ्यायचा, सुनंदा समोर असली की बुटका. दोघी एकदम समोर आल्या तेव्हा मी डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने दुसरा धरला. आठ पाय वॉकरचे, एक माझा, आणि तरी मला संडास गाठता येईना!

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुनंदा बालवाडीत शिकवायला निघाली. निघताना म्हणाली, "अहो, गोदाकाकूंची बहीण नागोठण्याला पडली. तिला वॉकर हवाय. रोह्याहून माणूस येईल, त्याला बुटका द्या. पापडांची पिशवी दाराशी ठेवलीय, ती बांधायला विसरू नका. उंच वॉकर तुम्हाला राहील. कळलं?"

"अगं, न कळायला काय झालं?" मी म्हणालो.

आई शेजारी पापड लाटायला गेली होती. साडेदहाला दारात एक माणूस उभा राहिला.

"गुरुजी, वॉकर न्यायला आलोय."

"या, या! तयारच आहे."

मी बुटका वॉकर पुढे केला, त्याला पापडांची पिशवी बांधली. त्याने वॉकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्योच ना, गुरुजी?"

"ह्योच!" मी ठणकावून सांगितलं. बिचारा घेऊन गेला.

पाव तासाने दुसरा माणूस.

"गुरुजी, वॉकर न्यायला आलोय. रोह्याहून."

"रोह्याहून? मग आत्ता गेला तो कोण?"

"कोन गेला?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

आता आली का पंचाईत! सासुरवाडीच्या माणसाला काय सांगू? तुमचा वॉकर मी नाव-गाव न विचारता एका वाटसरूला दिला, वर पापडही दिले? हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या रोह्यात झालं असतं! एका बाजूला घोटा, दुसऱ्या बाजूला जावयाची अब्रू. मी अब्रू निवडली आणि हातातला उंच वॉकर त्याच्यापुढे सरकवला.

"हा जरा उंच वाटतो," तो म्हणाला.

"वापरून वापरून वाढतो," मी म्हणालो.

तेवढ्यात नियम आठवला. रिकामा कसा द्यायचा? दारामागच्या खुंटीला एक पिशवी लटकत होती. चाचपून बघितलं तर आत काहीतरी पातळ आणि चपटं. पापडच असणार! ती बांधली आणि त्याला हसून निरोप दिला.

त्याचा टेम्पो निघून गेला. मग माझ्या लक्षात आलं की मी एका पायावर, दाराची चौकट धरून उभा आहे, घरात कुणी नाही आणि पलंग बारा फुटांवर आहे. खरं सांगतो, मी घाबरलो. चांगला पाय थरथरायला लागला. मोडका पाय हवेत धरून धरून पोटरीत गोळा आला आणि पाय हळूहळू खाली यायला लागला. डॉक्टरांचं ते 'पुन्हा उघडावा लागेल' कानात घुमत होतं. चौकट धरून मी कसाबसा खाली बसलो, प्लास्टरचा पाय वर उचलला, आणि ढुंगणावर सरकत पलंगाच्या दिशेने प्रवास सुरू केला.

निम्मी वाट सरली आणि मागून आवाज आला.

"जावईबापू! खाली काय शोधताय?"

सासूबाई! त्याच टेम्पोतून आल्या होत्या आणि माझ्यासाठी केळी घ्यायला बाजारात उतरल्या होत्या. हातात बिरड्याचा डबा, डोक्यावर पदर आणि समोर फरशीवर फतकल मारून बसलेला जावई.

"काही नाही," मी म्हणालो. "फरशीवर जरा गार वाटतं."

"आणि वॉकर कुठाय?"

"दिला की तुमच्या माणसाला."

"तो आमचा. तुमच्या आईंनी आणलेला कुठाय?"

यावर मी फक्त खांदे उडवले. (सवय झालीच होती.)

तेवढ्यात आई आली, पाठोपाठ सुनंदा आली. तिघी माझ्याभोवती उभ्या राहिल्या. मी खालीच.

"आरं, पयला मानूस माझ्या तुकादादानं धाडलेला!" आईने कपाळावर हात मारला. "तुकादादा मिठागराच्या बांधावरून पडला, त्याचा गुडघा सुजलाय. त्याचा वॉकर त्याला परत द्यायचा होता. तुला सांगायचं इसरलीच मी!"

"म्हणजे तुकामामाला बुटका गेला?" सुनंदा म्हणाली.

"आणि आमच्या गोदाच्या बहिणीला उंच?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे दोन्ही बरोब्बर पोचले," मी म्हणालो, "फक्त उलटे."

मला तिघींनी मिळून प्लास्टिकच्या खुर्चीत घातलं आणि तासाभरात फोन वाजायला लागले. आईच्या फोनवर तुकामामा.

"अगो बाय, ह्यो वॉकर हाय का पाट? मी वाकून चालतो तर कुत्री भुंकतात माज्यावर! पापड तेवढे बरे हायत."

सुनंदाच्या फोनवर नागोठण्याहून गोदाकाकूंच्या बहिणीचा मुलगा. वॉकरची तक्रार एका वाक्यात संपली. (म्हातारी त्याला लोंबकळत होती.) पण त्याचा आवाज रडवेला होता.

"ताई, तुम्ही आमच्या आईचा एक्स-रे कधी काढला?"

"कसला एक्स-रे?"

"वॉकरला बांधून पाठवलाय तो! आम्ही खिडकीत धरून बघितला. आईच्या पायात सहा स्क्रू हायत! आम्हाला कुणी सांगितलं पण नाय!"

मागून म्हातारीचं रडणं ऐकू येत होतं. "माज्या पायात खिळे कोनी मारले गो? मी तर निस्ती न्हाणीत घसरले!"

सुनंदाने सावकाश माझ्याकडे बघितलं. मी खुंटीकडे बघितलं. सहाव्या आठवड्याला येताना जुना एक्स-रे घेऊनच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नागोठण्याची समजूत काढायला अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं, ते स्क्रू माझे आहेत, हे म्हातारीला पटवण्यात गेली. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी वडखळ नाक्यावर दोन्ही वॉकरांची अदलाबदल करायची आणि एक्स-रे पेणला यायचा. सगळं सुरळीत पार पडलं, असं म्हणतात. मी बघायला नव्हतो. मी खुर्चीत होतो, आणि खुर्चीसकट मला सुनंदा ढकलत होती.

एक्स-रे आला. पण रिकामी पिशवी परत कशी द्यायची? नागोठण्याच्या मंडळींनी त्याच पिशवीत अर्धा किलो सोडे (म्हणजे सुकी कोळंबी) घालून पाठवले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मिनीडोर रिक्षा दारात थांबली आणि तिच्यातून एक तिसराच वॉकर उतरला. ना बुटका, ना उंच. बरोबर माझ्या मापाचा! एका पायाचं रबर तेवढं गेलेलं.

"कुणी दिला?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"वडखळ नाक्यावर एकजन म्हनला, पेणच्या गुरुजींकडं वॉकर नाय, त्यांना द्या."

"तो कोण होता?"

"त्यालापन कोनीतरी दिलेला."

मी पुढे काहीही विचारलं नाही. तीन आठवडे मी त्या वॉकरला जिवापाड जपलं. रात्री तो पलंगाला बांधून ठेवायचो. दारात कुणीही आलं, अगदी दूधवाला आला तरी, आधी वॉकर घट्ट धरायचो आणि मग 'कोण पाहिजे?' विचारायचो. पाय एकदाही टेकवला नाही. पोलिओचा डोस पाजायला आलेल्या बाईंना मी "वॉकर मिळणार नाही" असं आतूनच ओरडून सांगितलं होतं, एवढा माझा धसका!

सहावा आठवडा भरला. डॉक्टरांनी जुना आणि नवा असे दोन्ही एक्स-रे उजेडात धरले. मग जुना जरा नाकाजवळ नेला.

"सोडे?"

"हो. नागोठण्याचे."

"हाड फार छान जुळलंय, गुरुजी," ते म्हणाले, आणि माझे डोळे खरोखरच भरून आले. "प्लेट जागच्या जागी आहे. आता घरी गेल्यावर हळूहळू पाय टेकवायला लागा. पण एक लक्षात ठेवा, अजून तीन आठवडे वॉकर सोडायचा नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकायला सुनंदा तिथे नव्हती. 'छान जुळलंय' एवढं ऐकूनच ती आनंदाने वॉकर घेऊन बाहेर गेली होती. मी लंगडी घालत, भिंत धरत, बाहेरच्या बोळात आलो. बाकावर तिशीतला एक माणूस बसला होता. पायाला ओलं प्लास्टर, दोन्ही हात माझ्या वॉकरवर, आणि वॉकरला बांधलेला नारळ!

"अहो, हे रोह्याचे! आमच्याच आळीतले निघाले!" सुनंदाचा चेहरा नुसता फुलला होता. "आजच प्लास्टर झालं. वॉकर विकत घ्यायला निघाले होते, बघा ना! म्हटलं, आमचं काम झालंच आहे. देवळासाठी घेतलेला नारळ बांधून दिला."

भिंतीला पाल चिकटावी तसा मी चिकटून उभा होतो, एक पाय वर. त्या माणसाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला माझी मनापासून दया आली.

"काका, तुमचापन पाय काय? इकत घेऊ नका हां वॉकर. माज्या वळखीत एक हाय, मी धाडतो तुमच्याकडं. कंचा गाव तुमचा?"

एवढा चांगुलपणा बघून मला भरून आलं. मी त्याला दोन्ही हात जोडले. हात जोडायला भिंत सोडावी लागते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्याच्या मांडीवर बसलेलो होतो, आणि मोडका पाय मात्र, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, अधांतरी होता.