आधी दिवस की महिना?

लग्नाची पत्रिका हातात पडली तरी बाई मुलामुलीची नावं नंतर वाचत, तारीख पहिल्यांदा. ती आकड्यांत लिहिलेली असली की कपाळाला आठी पडे. "आधी काय आहे हे? दिवस की महिना?" पत्रिकेत कोण कशाला महिना आधी छापेल? पण विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं 'आधीबाई'. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

आमचं ऑफिस ठाण्याला, नौपाड्यात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. कारखान्यांचे, हॉस्पिटलांचे कागद आमच्याकडे येत, आम्ही मुली ते कॉम्प्युटरवर चढवत असू आणि तयार फाइल फ्लॉपीवरून ज्याची त्याला जाई. आपल्या मशीनमधून निघालेली फाइल समोरच्याच्या मशीनला नीट कळेल अशी करून देणं, हे काम आधीबाईंचं. रकमेतले स्वल्पविराम त्या काढून टाकत, कारण लाखाची एक रक्कम स्वल्पविरामापाशी तुटून तीन रकान्यांत सांडलेली त्यांनी पाहिली होती. 'रुपये' हा शब्दही त्यांना नको असे. "नुसता आकडा जाऊ दे. मानपान तिथं गेल्यावर." वेळ नेहमी चोवीस ताशी. "बारा म्हणजे कुठले बारा? माणूस विचारून घेतो, मशीन विचारत नाही."

तारखांची धास्ती तर विचारू नका. फाइल निघाली की त्या तिच्यात बाराच्या पुढची एखादी तारीख शोधत. बारापर्यंतचा आकडा दिवसही असू शकतो आणि महिनाही. तेरावा महिना मात्र कुणी आणू शकत नाही. "तेरा तारीख खोटं बोलत नाही," असं म्हणून त्या पडद्यावर बोट टेकवत. आम्ही हसलो की म्हणत, "मी भित्रीच आहे गं. ऑफिसात एक तरी भित्रं माणूस असावं, बाकीच्यांना झोप लागते."

एकदा डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्याची फाइल त्यांनी संशय आला म्हणून अडवली. न्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं गेला. सगळी फाइल पुन्हा तपासली, तर चूक कुठेच नाही. ऑफिसचे मालक, आमचे सर, सगळ्यांसमोर ओरडले, "बाई, तुमच्या भीतीपायी माझी गिऱ्हाइकं जातील!" बाई एवढंच म्हणाल्या, "बरोबर निघालं ना? चांगलं झालं." त्या दिवसापासून तपासणी सरांनी स्वतःकडे घेतली आणि बाईंना आमच्याबरोबर टायपिंगला बसवलं.

ऑगस्टमध्ये कल्याणच्या एका हॉस्पिटलची यादी आली. ज्यांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं अशा मुलांची नावं, रक्तगट आणि पुढचं रक्त चढवायची तारीख. ती ठाण्यातल्या रक्तपेढीला द्यायची होती. म्हणजे त्या त्या दिवशीचं रक्त राखून ठेवता येई. फाइली काढून द्यायचं मशीन नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं. सरांनी पडद्यावरची तारीख पाहिली, नावं मोजली, फ्लॉपी पाठवून दिली. त्या दिवशी आठ ऑगस्ट होता. आठ-आठ. उलटं लिहा, सुलटं लिहा, सारखंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेले. परत आल्यावर मशीन सुरू झालं आणि पडद्यावर तारीख उमटली. पाणी प्यायला निघालेल्या बाई तिथंच थांबल्या. आधी आठ होतं, मग नऊ.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "यानं महिना आधी घातलाय. दुरुस्तीत अमेरिकन पद्धत बसलीय. कालची यादी अशीच गेली."

म्हणजे दहा ऑगस्टची मुलं रक्तपेढीच्या मशीनमध्ये आठ ऑक्टोबरला जाऊन बसली होती. सर बाहेर गेले होते. रक्तपेढीचा फोन लागेना. बाईंनी पर्स उचलली. "चल माझ्याबरोबर. एकटीचा पाय उचलत नाही."

रिक्षात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "देवा, याही वेळी माझंच चुकू दे."

रक्तपेढीतल्या माणसानं यादी काढली. "उद्या? उद्या कुणीच नाही. म्हणून तर सकाळीच पिशव्या दुसऱ्या हॉस्पिटलला दिल्या. दोन उरल्यात."

उद्याची मुलं तीन होती. दोघांचं भागलं. तिसरी टिटवाळ्याची, आठ वर्षांची; तिच्या गटाचं रक्त संपलं होतं. घरी फोन नाही, निरोप द्यायची सोय नाही.

सकाळी त्या मायलेकी कल्याणला उतरून हॉस्पिटलात आल्या, तेव्हा बाई आधीच बाकावर बसलेल्या होत्या. "मी विचारून गेलेले. दहालाच बोलवलेलं," आई म्हणत राहिली. मुलगी फिकट पडली होती, आईच्या मांडीवर डोकं टाकून. ती यादी बाईंच्या हाताखालून गेलीच नव्हती. तरी त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "यादी आमच्याकडून चुकीची गेली. चूक आमची आहे."

आईनं मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग विचारलं, "आता किती दिवस?"

"ठाऊक नाही. पण मी इथंच आहे."

रक्त तिसऱ्या दिवशी मुंबईहून मिळालं. तोवर बाईंनी त्या दोघींना डोंबिवलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. मुलगी तरली. सर बाईंच्या टेबलापाशी येऊन नुसतं म्हणाले, "तुमचं काम तुम्हीच घ्या." त्यांनी ते घेतलं, पण जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर नव्हता, उलट भीती वाढली होती. पुढे दर महिन्याला त्या अर्धा दिवस रजा घेऊ लागल्या. विचारलं की सांगत, "कल्याणला काम आहे."

माझं लग्न झालं, नोकरी सुटली. चारेक वर्षांनी बाई गेल्याचं कळलं, तेव्हा डोंबिवलीला त्यांच्या घरी भेटायला गेले. यजमान खुर्चीत बसून होते. पोटी मूलबाळ नव्हतं. एक किडकिडीत मुलगी त्यांना चहात बिस्किट बुडवून देत होती. मला वाटलं, पुतणी असावी.

"कुठली गं तू?" मी विचारलं.

"टिटवाळ्याची," ती म्हणाली. "पण आता इथंच असते. काकांना एकटं कसं ठेवायचं?"