रिकामा नंबर

मुरुमच्या एका डाळमिलमध्ये मी नवीन कंट्रोलर जोडायला गेले होते. डाळ साफ करणारी जुनी यंत्रणा बंद करून तिच्याशेजारी नवी उभी केलेली. ती चालवणाऱ्या कंट्रोलरला आयपी अ‍ॅड्रेस द्यायचा, लॅपटॉपवरून त्याच्याशी संपर्क जुळवायचा आणि मोटारी एकेक फिरवून बघायच्या, एवढंच काम. धाराशिवहून सकाळच्या एसटीनं निघाले होते, संध्याकाळी परत यायच्या बेतानं.

दुपारी डाळ निवडणाऱ्या बायकांनी जेवायला हाक मारली. आपसात त्या कानडी बोलत, माझ्याशी मराठी.

"या की मॅडम, ऊटा करू. हितं लई गार लागतंय."

जुन्या यंत्राखाली जमिनीत एक लांब पन्हळ होती आणि तिच्यात डाळ पुढं ढकलणारा लोखंडी स्क्रू. वरची झाकणं कुणीतरी काढून नेलेली. बायका काठावर बसून पाय आत सोडायच्या, स्क्रूच्या पात्यांवर टेकवायच्या. मीही तशीच बसले. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि तळपायाला लोखंडाचा गारवा. "हे बंद आहे ना?" मी विचारलं. "कवाच बंद हाय," त्यांच्यातली थोरली म्हणाली.

जेवून मी उठले. त्या तिथंच बसून राहिल्या.

मिलचे वायरमन, त्यांना सगळे मामा म्हणायचे, माझ्यासोबत नव्या पॅनलपाशी आले. "मामा, ह्याला कुठला अ‍ॅड्रेस देऊ?"

"जुन्या मशीनचाच द्या. आता रिकामा हाय तो."

अ‍ॅड्रेस म्हणजे यंत्राचा घरनंबर. एका नेटवर्कवर दोन यंत्रांचा नंबर एकच असला, तर एकाला दिलेला हुकूम दुसऱ्याकडं जाऊ शकतो. म्हणून नंबर देण्याआधी मी त्याला पिंग करते, म्हणजे हाक मारून बघते. रिकाम्या नंबरावरून उत्तर येत नाही.

उत्तर आलं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. नव्या कंट्रोलरची केबल काढून ठेवली आणि परत हाक मारली. परत उत्तर आलं.

"कोण बोलतंय मग?" मामा म्हणाले.

जुनं पॅनल पोत्यांच्या थप्पीमागं होतं. दारावरचा दिवा विझलेला. मामांनी दार उघडलं. आत कंट्रोलरचा छोटा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. मामांनी मोटारीला वीज देणाऱ्या स्विचवर टेस्टर लावला. तो पेटला. दारावरचा दिवा तेवढा उडाला होता. पुरवठा कुणी तोडलाच नव्हता. तोडला असेल, असं जो तो धरून चालला होता.

मी मामांकडं बघितलं, मामांनी पन्हळीकडं. तिकडून हसण्याचा आवाज येत होता. मी तो नंबर दिला असता आणि मोटार फिरवून बघायला बटण दाबलं असतं, तर हुकूम ह्या जुन्या यंत्रानं उचलला असता.

मामांनी आधी मेन स्विच पाडला. मग चालत पन्हळीपाशी गेले आणि अगदी हळू म्हणाले, "उठा बायांनो. पाय वर घ्या."

"काय झालं मामा?"

"जित्तं हाय हे."

थोरलीनं पाय वर घेतले, साडी सारखी केली आणि बाकीच्यांचे डबे गोळा करू लागली. एक पोरसवदा बाई तेवढी काठावरच बसून राहिली. तिला दोघींनी धरून उठवलं.

मिलमालक आले. "मॅडम, झालं तर काईच न्हाय ना? घ्या आता काम उरकून."

"जुन्या मोटारीच्या वायरी उपसल्याशिवाय मी लॅपटॉप उघडणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. मालक काहीतरी म्हणणार होते, पण मामा पाना घेऊन आधीच पॅनलपाशी बसले होते. पाना दोनदा नटावरून निसटला. मग मीच नट ढिले केले.

मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी नव्या कंट्रोलरला वेगळाच नंबर दिला आणि काम बिनबोभाट झालं. पन्हळीवर पत्रे ठोकले होते. बायका बाहेर लिंबाखाली जेवल्या. मला बोलावलं, मी गेलेही, पण भाकरी हातातच राहिली. थोरलीनं न विचारता माझ्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवला आणि ती दुसरीशी कानडीत बोलत राहिली.